अर्धा खेटा

गुडघा बदलायला बाळासो तयार झाला, तो एकाच प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर.

"डॉक्टर, बाकीचं ऱ्हाऊ द्या. खेटं घालता येतील का न्हाय, तेवढं सांगा."

डॉक्टर लातूरकडचे. ते म्हणाले, "खेटे म्हणजे?"

शेजारी बसलेल्या चिमणाबाईनं कपाळाला हात लावला. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं हे इतक्यांदा ऐकलं होतं की मधलं एखादं वाक्य चुकलं असतं तर तिनंच दुरुस्त केलं असतं. बाळासोनं सांगितलं. माघाच्या पौर्णिमेनंतरचे पाच रविवार. पहाटे कसबा बावड्यातनं निघायचं. बंधारा ओलांडायचा. निगवे, कुशिरे करत डोंगराचा पायथा गाठायचा, गायमुखावरनं चढायचं, जोतिबाचं दर्शन घ्यायचं आणि आलं तसंच उतरून घरी यायचं. सगळं पायी आणि अनवाणी. सत्तावीस वर्षं त्यानं हे केलं होतं. गेली तीन वर्षं गुडघ्यानं करू दिलं नव्हतं.

"चालाल," डॉक्टर म्हणाले. "सपाटीवर काहीच अडचण नाही. चढही जमेल, चांगले बूट घालून. उताराचं मात्र..."

उताराबद्दल ते आणखी दोन-तीन वाक्यं बोलले. बाळासोच्या डोक्यात 'चालाल' हा शब्द पक्का बसला होता. पुढच्या वाक्यांना जागा उरली नव्हती. त्यानं कागदावर सही केली.

बाळासो साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर होता. चौतीस वर्षं. उसाचा रस काढणारे ते अजस्र रोलर ज्या पितळी ब्रासवर फिरतात, त्या ब्रास बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ब्रासला निळा रंग लावायचा, शाफ्ट त्यावर ठेवून फिरवायचा, कुठं घासतंय ते बघायचं आणि तेवढंच खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं. घाई केली की हंगामात मिल तापणार आणि सगळा कारखाना तुझ्या नावानं बोंब मारणार. कामात त्यानं स्वतःला कधी सूट दिली नाही. दुसऱ्यालाही दिली नाही.

आठवड्याची सुट्टी मात्र त्यानं घरात कधी काढली नाही. उन्हाळ्यात बंधाऱ्यावरनं नदीत उड्या, पावसाळ्यात पन्हाळ्यामागची जंगलवाट, माघात खेटे. सोबतीला बाबालाल. तो कारखान्याच्या वर्कशॉपात टर्नर. बाबालालच्या पायात खेट्यालासुद्धा चप्पल असायची. "तुझा खेटा हाय मर्दा, माझं फिरणं हाय," तो म्हणायचा, आणि वर पोचल्यावर चहाच्या टपरीवर बसून बाळासोची वाट बघायचा. खरं सांगायचं तर बाळासोचंही देवाचं थोडं आणि चालण्याचं जास्त होतं. पण ते तो कुणाला सांगत नसे.

खेट्याचा त्याचा स्वतःचा एक नियम होता. वर जाऊन गाडीनं खाली आला, त्याचा खेटा धरायचा नाही. चढलेला माणूस उतरलाच पाहिजे. अकरा वर्षांपूर्वी स्टोअरमधल्या कृष्णातच्या पायात गोळे आले आणि तो वरनं एसटीनं आला. सोमवारी कँटीनमध्ये सगळ्यांच्या देखत बाळासो म्हणाला, "अर्धा खेटा! पावशेर कमी न्हाय, पावशेर जास्त न्हाय." माणसं पोट धरून हसली. त्या दिवसापासून कृष्णातचं नाव 'अर्धा' पडलं. "अर्ध्या, पाना दे." "अर्धा आला का रं?" कृष्णात पुढच्या वर्षापासून त्यांच्या घोळक्यात आला नाही. त्यानं खेटे सोडले असं सगळे धरून चालले. बाळासोनं त्यावर कधी विचार केला नाही.

ऑपरेशन जूनमध्ये झालं. उजवा गुडघा. घरी आल्यावर जेवायला खुर्ची आली, संडासात उंच भांडं बसलं, आणि पायाचा व्यायाम शिकवायला तेजस्वी नावाची मुलगी येऊ लागली. तिनं सांगितलं, पाय सरळ ठेवून उचलायचा, पाच आकडे म्हणायचे, खाली ठेवायचा. दहा वेळा. दिवसातनं तीनदा.

तिसऱ्या आठवड्यात गुडघा पपईसारखा सुजला.

"काका, किती वेळा करताय?"

"तुमी सांगितलं तेवढंच."

"खरं सांगा."

"पन्नास."

"दिवसभरात पन्नास?"

"एका खेपंला. पाच खेपा."

तेजस्वीनं वही मिटली. "अडीचशे. मी तीस सांगितले होते, काका."

"जास्त केलं तर लवकर बरं हुईल की. आत नवी ब्रास बसवलीया, मॅडम. हंगाम सुरू झाला की मिल थांबवायची नसती."

"तुमच्या ब्रासला काही होत नाही. ती नवी आहे. तिला चालवणारे स्नायू सदुसष्ट वर्षांचे आहेत. जास्त केलंत म्हणून दोन आठवडे मागं गेलात."

काम कमी केलं म्हणून त्याला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. जास्त केलं म्हणून बोलणी खायची ही पहिलीच वेळ. तो दिवसभर कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. बर्फाची पिशवी गुडघ्यावर वितळत राहिली. चिमणाबाई येऊन ती बदलायची.

दिवाळीपर्यंत काठी सुटली. संक्रांतीला तो बंधाऱ्यापर्यंत जाऊन येऊ लागला. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती आणि ती त्यानं बाबालाललाही सांगितली नव्हती. पूर्वी चालताना पाय आहेत हे विसरायला व्हायचं. आता प्रत्येक पावलाला वेगळं सांगावं लागत होतं. उचल. टाक. वजन दे. पुन्हा उचल. हजार पावलं चालून आला की हजारदा हुकूम सोडल्यासारखा थकून यायचा, आणि खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागायचा.

माघ आला. तेजस्वीनं वेळापत्रक करून दिलं. पहिल्या रविवारी निगव्यापर्यंत, दुसऱ्या रविवारी थोडं पुढं, तिसऱ्याला कुशिरे, चौथ्याला गायमुख, आणि सगळं नीट झालं तर पाचव्याला वर. बूट घालून. बाळासोला ते पटलं. नवी मिल सुरू करताना ऊस असाच टाकतात. आधी रिकामी फिरवायची, मग पाव भार, मग निम्मा.

पहिल्या रविवारी तो बूट घालून घरातनं निघाला. बंधारा ओलांडल्यावर एका दगडावर टेकला आणि बूट काढून पिशवीत टाकले.

"काय करतोस?" बाबालाल म्हणाला.

"बूट घालून खेटा हुतो व्हय?"

"डॉक्टरनं सांगितलंय ना, मर्दा."

"डॉक्टर लातूरचा हाय."

निगव्याच्या वाटेवर रस्त्याचं काम चाललं होतं. बारीक खडी पसरली होती. उजव्या पायाला खडी टोचू नये म्हणून तो पाय आखडून टाकू लागला, मग कंबर वाकडी झाली, मग गुडघा तापला. निगव्यातनं परत यायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. घराच्या अलीकडं त्यानं बूट पुन्हा चढवले.

चिमणाबाईनं पायातले बूट काढायला मदत केली आणि ती तशीच बसून राहिली.

"बूट कोरं आनि तळवं धुळीत," ती म्हणाली. "कारखान्यात असली चोरी तुमीच पकडत हुता न्हवं?"

त्यानं बूट कॉटखाली सरकवले.

"गुडघा बदलला. डोसकं तेवढं जुनंच ऱ्हायलं."

दुसरा रविवार कॉटवर गेला. गल्लीतनं माणसं 'चांगभलं' म्हणत पुढं गेली, तेव्हा त्यानं उशी कानावर घेतली. तिसऱ्या रविवारी बूट घालून तो कुशिऱ्यापर्यंत गेला आणि आला. चौथ्याला गायमुख. गायमुखाच्या पाण्याशी बसून त्यानं वर जाणारी दगडी वाट बघितली. यंदा पाच खेटे होणार नव्हते, ते त्यानं सोडून दिलं होतं. एक व्हावा. नियमाप्रमाणं, पुरा. तो झाला तर गुडघा बदलल्याचं सार्थक. नाही झाला, तर खुर्चीवर बसून जेवण्यासाठी एवढं सगळं केलं, असं होणार होतं.

पाचव्या रविवारी तो आणि बाबालाल पहाटे पाचला निघाले. त्याच्या पायात बूट, हातात दोन काठ्या. वडणग्याकडच्या रस्त्यानं आलेली माणसं पुढं त्यांना मिळत होती आणि मागं टाकून जात होती. उचल. टाक. वजन दे. कुशिऱ्याला उन्हं आली. बाबालालनं फडक्यातली भाकरी आणि खर्डा काढला. दोघांनी उभ्यानंच खाल्लं, कारण बाळासो खाली बसला तर उठायला अर्धा तास गेला असता.

गायमुखापासनं वर चढायला पूर्वी त्याला पाऊण तास लागायचा. त्या दिवशी सव्वादोन तास लागले. दर वीस पायऱ्यांना तो थांबायचा. पोरं शेजारनं पळत वर जायची.

"आजोबा, थांबा की जरा सावलीत."

"थांबलोच हाय," बाळासो म्हणायचा.

बाबालाल एक पायरी मागं राहून चढत होता. तो का मागं आहे हे बाळासोला कळत होतं आणि त्याचा राग येत होता. राग बोलून दाखवायला दम उरला नव्हता.

वर पोचला तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता. त्याला आनंद होईल असं वाटलं होतं. झालं एवढंच की पाय उचलायचं एक काम संपलं. तो रांगेत उभा राहिला. गुडघे टेकता येत नव्हते म्हणून कमरेत वाकला. उंबऱ्याला कपाळ लागलं नाही, हात लागला. तो हात त्यानं कपाळाला लावला. बाहेर येऊन टपरीवर बाबालालसोबत दोन चहा घेतले.

"चल," तो म्हणाला. "उतरू."

वाटेच्या तोंडाशी त्यानं काठ्या खाली टेकल्या. पहिली पायरी उतरला. दुसरी उतरला. तिसऱ्या पायरीवर उजव्या पायावर वजन आलं आणि मांडी थरथरली. त्यानं थांबून हात मांडीवर ठेवला. गुडघा गप्प होता. ब्रास चांगली बसली होती, कुठं घासत नव्हती, तापली नव्हती. थरथर वरच्या मांसात होती आणि हाताला स्पष्ट लागत होती.

ती थरथर त्याच्या ओळखीची होती. एका हंगामात, ऊस अगदी भरात असताना, दोन नंबरच्या मिलच्या बैठकीवर हात ठेवल्यावर त्याला अशीच लागली होती. त्यानं कुणाला न विचारता मिल थांबवली. साहेब धावत आले, आवारात गाड्या खोळंबल्यात म्हणून ओरडले. बाळासोनं झाकण काढून दाखवलं. शाफ्टला केसाएवढी चीर होती. साहेब परत गेले. काम करणं सगळ्यांना येतं, थांबवायचं कधी ते फिटरला कळलं पाहिजे, असं तो पुढं नव्या माणसांना सांगत असे.

खाली साडेसातशे-आठशे पायऱ्या होत्या. त्यानंतर घरापर्यंतची सगळी वाट.

"खांद्यावर हात ठेव," बाबालाल म्हणाला. "मी म्होरं हुतो. सावकाश जाऊ. दिवस मावळंपातूर पोचू की."

"पडलो तर तुला घिऊन पडंन."

"पडू की. आजवर काय कमी पडलोय?"

बाळासो हसला नाही. तो तीन पायऱ्या पुन्हा वर चढला. त्या चढायला, सबंध डोंगर चढला त्यापेक्षा जास्त जड गेल्या.

"मी एस्टीनं जातो," तो म्हणाला.

"मग मी बी येतो."

"तू उतर. तुझ्या पायाला काय झालंय?"

"एकटा उतरून वाटंत शिव्या कुणाला दिऊ?"

"उतर रं बाबा. मला जरा एकट्याला बसू दे."

बाबालालनं त्याच्याकडं नीट बघितलं. भाकरीचं फडकं खांद्यावर टाकलं आणि तो उतरू लागला. वळणावर गेल्यावर एकदा मागं वळून बघितलं, हात केला नाही.

एसटी भरत आली होती. बाळासो दांडीला धरून, एका वेळी एक पाय, असा वर चढला. तिसऱ्या बाकावर खिडकीशी एक माणूस पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. डोक्याला टोपी, पाय अनवाणी, तळव्यांना तांबडी माती. कृष्णात होता.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"या पावणं," कृष्णात म्हणाला. "वाट चुकला व्हय?"

मागनं माणसं ढकलत होती. बाळासो त्याच्या शेजारी बसला. म्हणाला, "तू हितं कसा?"

"हितंच असतोय. दरसाली."

"चढून येतोस?"

"मग काय उडून येतोय? तुमच्या आधी दोन तास निघतो. तुमी गायमुखाला असता तवा माझं दर्शन झाल्यालं असतंय. तुमी उतराय लागला की बस धरतो. आज तू लई उशीर केलास. मला वाटलं, तीन सालं न्हाईस तसा आज बी आला न्हाईस, म्हणून निवांत बसलो हुतो."

"पाचही रविवार?"

"पाचही. अकरा वर्सं."

"मग आमच्यात का येत न्हाईस?" असं बाळासोनं विचारलं, आणि विचारल्यावर तोंडात माती गेल्यासारखं झालं.

कृष्णात खिडकीबाहेर बघत बोलला. "माज्या पायात उतरताना गोळं येत्यात. दुसऱ्या साली बी आलं, तिसऱ्या साली बी आलं. म्हटलं चढणं जमतंय, तेवढं करायचं. लोकांस्नी कशाला दाखवायचं?" मग म्हणाला, "पोरीच्या लग्नात व्याही इचारत हुता, तुमास्नी अर्धा का म्हणत्यात म्हणून. भर पंगतीत. मी काय सांगनार?"

बस सुटली. पहिल्या वळणाला बाळासोचा गुडघा पुढच्या बाकाच्या लोखंडाला टेकला. कृष्णातनं मांडीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि स्वतः खिडकीकडं सरकला.

"हिकडं लांब कर पाय. लागंल दांडीला."

बाळासोनं पाय लांब केला. खाली डोंगराच्या अंगावर उतरणारी वाट दिसत होती, आणि तिच्यावर माणसं मुंग्यांएवढी. त्यात बाबालाल कुठला ते ओळखता येत नव्हतं.

"म्या म्हटलं ते म्हणाय नको हुतं," बाळासो म्हणाला.

"तुला आता कळलं."

"व्हय. आता."

"बस गप," कृष्णात म्हणाला. त्यात राग होता की नव्हता, बाळासोला शेवटपर्यंत कळलं नाही. स्टँडवरनं दोघं एकाच रिक्षानं बावड्यात आले. कृष्णात आधी उतरला, वाकून टोपी सारखी केली आणि गल्लीत गेला.

सोमवारी सकाळी कारखान्याच्या गेटाजवळच्या चहाच्या टपरीवर सगळी रिटायर मंडळी जमली होती. बाळासोला बाकड्यावरनं उठायला त्रास होतो म्हणून त्याच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असायची. तो बसला. पाय शिशाचा झाला होता. रात्री झोप लागली नव्हती.

क्रेनवर काम केलेला अमरसिंह म्हणाला, "मग बाळासो? झाला का खेटा?"

"झाला की," बाबालालनं चहाचा कप तोंडाला लावत, कुणाकडंही न बघता उत्तर दिलं. "पुरा. मी संगं हुतो न्हवं?"

मंडळी वाहवा करू लागली. नव्या गुडघ्यानं, या वयात, मानलं पाहिजे. बाळासो ऐकत होता. गप्प बसलं तरी चालणार होतं. बाबालालनं पक्कं काम केलं होतं, त्याच्या मागं कुणी तपासायला गेलं नसतं. चिमणाबाईला ठाऊक होतं, पण ती टपरीवर येणार नव्हती.

"न्हाय," तो म्हणाला. "चढलो. उतराय जमलं न्हाय. एस्टीनं आलो."

 अमरसिंहनं मांडीवर थाप मारली.

"म्हंजे तू बी अर्धाच की रं!"

"व्हय. मला म्हणा. आजपास्नं मलाच म्हणायचं." बाळासोनं कप खाली ठेवला. "कृष्णातला न्हाय. त्यो अकरा वर्सं पाचही रविवार चढतोय, तुमच्या-माझ्या आधी निघून. त्याला त्याच्या नावानं हाक मारायची. मी बसलोय तवर तरी."

"आमाला कुठं म्हाईत हुतं?" कुणीतरी म्हणालं.

"मला बी न्हवतं. इचारलंच न्हवतं."

अमरसिंहला अजून हसू येत होतं, पण त्यानं ते चहात बुडवलं. बाबालालनं चहाचे सगळ्यांचे पैसे दिले आणि बाळासोच्या हातात काठी दिली. दोघं घराकडं निघाले. एवढ्याशा वाटेत बाळासो तीनदा थांबला. प्रत्येक वेळी बाबालालनं रस्त्याकडं बघत तंबाखू मळली, मळून झाली तरी मळत राहिला.

"खोटं कशाला बोललास?" बाळासोनं विचारलं.

"तू सत्तावीस वर्सं उतरलास की. एक खपून गेलं असतं."

"न्हाय खपत."

"म्हाईत हाय. म्हणून तर म्हटलं, बघू काय करतोस."

घरी चिमणाबाईनं बर्फाची पिशवी तयार ठेवली होती. तो कॉटवर आडवा झाला. पाय सरळ केला, उचलला, पाच आकडे म्हटले, खाली ठेवला. कालच्या चढणीनं मांडी अजून दुखत होती. दुसरा. तिसरा. चिमणाबाई दारात भाजी निवडत मोजत होती, हे त्याला तिच्या ओठांवरनं कळत होतं.

दहा झाले. अकराव्याला पाय आपणहून वर जाऊ लागला. त्यानं तो खाली दाबून धरला, बर्फ गुडघ्यावर ठेवला आणि डोळे मिटले.